ढोलीवालीचा साचा

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
रविवार, १८ जानेवारी २०२६

सुदर्शन,

काल तुझा सिनेमा बघितला. पूर्ण नाही. मध्यंतराआधी उठले आणि बाथरूममध्ये जाऊन ओकले. पडद्यावर आतडी बाहेर येताना मी निवांत वडापाव खाल्लेला तू बघितलायस. काल मात्र ओकले.

भुताचे सिनेमे मिळून बघणाऱ्या आपल्या दचका मंडळाची अकरा तिकिटं होती. कडूबानं महिनाभर ग्रुपवर नुसता धिंगाणा घातला होता. आपला सुदा, आपल्या डेंटल लॅबमधला सुदा, संध्याच्या शेजारच्या टेबलावर बसून उरलेल्या मेणाचे सुळे कोरणारा सुदा, त्यानं मुंबईत खरं भूत बनवलंय. कॉम्प्युटरमधलं नाही, रबराचं. "हात लावता येईल असं भूत," असं तो येईल त्याला सांगत होता. आमची मंडळी वैतागलेलीच होती. वर्षभरातले सगळे नवे सिनेमे बघून झालेत आमचे. भुतं तेल चोपडल्यासारखी चकचकीत. पाय जमिनीला टेकत नाहीत, सावली पडत नाही. लॅबमधला भिकन म्हणतो, ह्यांच्यापेक्षा आमचा सुपरवायझर भीतीदायक.

मग तुझी ढोलीवाली आली. चिंचेच्या ढोलीतून आधी हात आला, मग पाठ. मग तिनं मान वळवली आणि सगळं थिएटर किंचाळलं. कडूबा तर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

मी बघत होते. डावा डोळा नाही. खोबणीवर कातडी ओढून शिवलेली, टाके तिरपे. गाल आत बसलेला. नाकपुडीपासून ओठापर्यंत व्रण आणि तिथं ओठ वर खेचलेला. मग तिनं तोंड उघडलं. वर टाळूच नव्हती, थेट काळं भोक.

ती तुझी आई आहे, सुदर्शन.

तुला विसरायची सोय नको म्हणून लिहिते. करोनातून पुतळामावशी उठल्या आणि पंधरा दिवसांत त्यांना काळ्या बुरशीनं धरलं. डॉक्टरांनी डोळा काढला, वरचा जबडा काढला, जीव वाचवला. त्या भोकात बसणारी टाळूची प्लेट मी बनवते. दर तीन महिन्यांनी त्या सोयगावाहून एस.टी.नं येतात, डॉक्टर प्लेट तपासतात, मी शेजारी उभी राहून ती घासून नीट करते. तो चेहरा मला पाठ आहे. माझ्याइतका फक्त तुला पाठ आहे.

शेजारची पोरगी "ईई, छी" म्हणून तोंड झाकून हसत होती. मला तिची नाही, तुझी किळस आली. लहानपणी नळात हात घातला आणि बोटाला केसांचा गुंता लागला होता, तशी. धुऊनही जात नाही.

त्या चेहऱ्याचा साचा तुझ्याकडं कसा आला ते आपल्या दोघांना माहीत आहे. त्यावर मी आत्ता बोलणार नाही.

तुझा नंबर ब्लॉक केलाय. फोनवर तुला गोड बोलता येतं. काय ते कागदावर लिही.

संध्या


गुरुवार, २९ जानेवारी

सुदर्शन,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, लॅबच्या चिठ्ठ्यांवर असायचं तसं.

तू लिहितोस, "सगळे आईकडं बघायचं टाळायचे, भाऊबंद, शेजारी, सगळे. मी एकट्यानं बघितलं. तो चेहरा मी लपवला नाही, पडद्यावर आणला. मला तो सुंदर वाटतो." हे मी तीनदा वाचलं. सुंदर वाटतो तर सिनेमातल्या नायिकेला द्यायचा होतास. बकऱ्या फाडून खाणारीला का दिलास?

पुढं लिहितोस, कुणाला कळणार आहे? आई कधी थिएटरात गेली नाही, जाणार नाही.

तर ऐक. कडूबानं पोस्टर बघून ढोलीवालीचा मुखवटा केला. कसल्याशा स्पर्धेत घालायचा होता त्याला. गेल्या मंगळवारी तो दात नीट करायला माझ्याकडं टाकून गेला. मी तो टेबलावर ठेवला आणि भट्टी बघायला आत गेले. बाहेर आले तर मावशी उभ्या. त्यांची तारीख मंगळवारचीच होती. मी विसरले. विसरायला नको होतं.

मुखवटा त्यांच्या हातात होता.

"हे कुणाचं गं?"

"नाटकाचं आहे, मावशी. आमच्या एका मित्राचं."

त्यांनी मुखवट्याच्या डाव्या खोबणीत बोट घातलं. मग तेच बोट पदराखाली नेलं, आपल्या खोबणीत. पुन्हा मुखवट्यावर. मेंढराच्या अंगावर गोचीड शोधतात ना, तशा सावकाश.

"इथं मला चार टाके हायेत," त्या म्हणाल्या. "ह्यानं तीनच काढले."

मी हातमोजे चढवायला लागले.

"तुझ्या मित्रानं मला कुठं बघितलं?"

"तुम्हाला नाही बघितलं. सिनेमात बघून केलंय त्यानं."

"मंग सिनेमात मी कशी गेले?"

"माहीत नाही, मावशी."

असं म्हणाले मी, तोंडावर. त्यांनी मुखवटा होता तसा ठेवला, पालथा नाही, चेहरा वर करून. खुर्चीत बसल्या, पदर बाजूला घेतला आणि प्लेट काढायला तोंड उघडलं. मी त्या दिवशी प्लेट दोनदा जास्त घासली.

जाताना मुंबईच्या पोराची चौकशी केली त्यांनी. "कामात असंल," म्हणाल्या. दोन वर्षं झाली, सुदर्शन, तू घरी गेलेला नाहीस.

अजून एक सांगते. सिनेमा संपल्यावर नावं येतात ना, ती मी बघितली नव्हती. कडूबानं फोटो काढून ग्रुपवर टाकला. "विशेष आभार : संध्या, छत्रपती संभाजीनगर". खाली पन्नास अभिनंदनं. एकानं लिहिलं, काय काम आहे, कातडीची छिद्रं दिसतात. मी ते वाचलं आणि मनात म्हणाले, हो, दिसतात. प्लास्टर पातळ कालवलं की दिसतात.

काम भारी आहे. हे मला कळतं. मला माझी किळस येते ती त्यामुळंच.

संध्या


शुक्रवार, १३ फेब्रुवारी

सुदर्शन,

मावशींना सगळं कळलं. मी सांगितलं.

तुमच्या वस्तीवरच्या आदिनाथनं त्यांना मोबाइलवर सिनेमाचा तुकडा दाखवला. "काकू, ही बाई तुमच्यासारखी दिसती," असं म्हणाला म्हणे. वाईट मनानं नाही. त्यांनी तो तुकडा चारदा बघितला आणि सोमवारी तारीख नसताना लॅबमध्ये येऊन बसल्या. चहा घेतला नाही.

"संध्ये, खरं बोल. तू माझ्या तोंडाला ते गार गार लावलं व्हतं, नाकात नळ्या घालून. ते कशापायी व्हतं?"

मी बोलले. आता तुलाही तेच लिहिते, कारण पहिल्या पत्रात मी ते गिळलं होतं.

दीड वर्षापूर्वी तुझा फोन आला. मुंबईत एक डॉक्टर आहे, आईचा गाल आणि डोळा सिलिकॉनचा करून देईल, साचा पाठव. मी मावशींना तसंच सांगितलं. त्या काय खूश झाल्या होत्या! पोरगं लांब राहून माझं बघतं, म्हणाल्या. नवीन लुगडं नेसून आल्या होत्या त्या दिवशी, प्लास्टर सांडलं तरी बदलायला तयार नव्हत्या. प्लेट काढून, तोंड उघडं ठेवून, न हलता बसल्या. घशात लाळ साचत होती तरी गिळली नाही.

पण तू फोनवर म्हणाला होतास, "ओठ वर खेचलेला नीट येऊ दे. तोंड मोठं उघडायला सांग, भोक पूर्ण दिसलं पाहिजे." गाल करणाऱ्या डॉक्टरला उघडं तोंड कशाला लागतं? सहा वर्षं मी साचे काढतेय. मला तेव्हाच कळलं होतं. मी स्वतःला म्हणाले, कळलं नाही. पुन्हा विचारलं नाही. साचा जुन्या साड्यांत गुंडाळला, खोक्यात घातला, वर "नाजूक वस्तू" लिहिलं आणि कुरिअर केला. तू म्हणाला होतास, नाव देईन तुझं. मला नाव पाहिजे होतं. आयुष्यभर लोकांच्या तोंडातले दात करायचे आणि कुणाला माझं नाव माहीत नाही, असं झालं होतं मला.

हे सगळं मी मावशींना सांगितलं. त्यांनी मला मारलं नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाल्या, "मला तो सिनेमा दाखव."

मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, "तुमी सगळ्यांनी माझं तोंड बघितलं. मी नको बघू व्हय?"

काल गेलो. दुपारचा एकच खेळ उरला होता. मागच्या रांगेत कॉलेजची पाच-सहा पोरं-पोरी, बाकी हॉल रिकामा. मावशी पदर डोक्यावरून घेऊन ताठ बसल्या. ढोलीवाली आली तेव्हा मागून ओरडा झाला, "छी, छी, थुंकी बघ."

"ह्या पोरी छी कुणाला म्हणतात?" त्यांनी मला विचारलं.

"तिला. ढोलीवालीला."

"हां," म्हणाल्या. बाजारात मेंढरू पारखून बघावं तसं बघत होत्या. मधेच म्हणाल्या, "चालायला बरी हाये. माझ्यापेक्षा जवान हाये." मला वाटलं, निभावलं.

मग ते दृश्य आलं. ओढ्यावर ती ओणवी होऊन पाणी पिते आणि पाणी नाकातून परत येतं, सोबत चावलेलं अन्न, शेंबडासारखं लोंबत. कॅमेरा हलत नाही. मागची पोरं ओकारीचे आवाज काढत होती, हसत होती. मावशींनी माझं मनगट धरलं. मेंढरं आवरणारा हात आहे तो. मनगट अजून काळंनिळं आहे.

बाहेर आल्यावर त्या पायऱ्यांवरच बसल्या. मग म्हणाल्या,

"दवाखान्यातून आले तवा प्लेट नव्हती. खाल्लेलं नाकातून यायचं. मला लई घाण वाटायची माझीच. म्हणून मी चुलीमागं भितीकडं तोंड करून खायची. कुणाला दिसू दिलं नाय. एकदा मागं वळून बघितलं तर सुदा दाराआड उभा व्हता. तोंडावर हात धरलेला. मला वाटलं, लेकराला माझी किळस आली. मी म्हणलं, येऊ दे, मला बी येती. लई रडले, पण त्याच्यावर राग नाय धरला."

त्यांनी पदरानं नाक पुसलं.

"किळस न्हवती ती, संध्ये. तो बघून घेत व्हता. पाणी कुठून येतं, किती येतं. मी घास गिळत व्हते अन् पोरगं शिकत व्हतं."

सुदर्शन, मला तुझ्याविषयी जे काही वाटत होतं, मी ज्याला किळस म्हणत होते, ते त्या वाक्यापुढं काहीच नव्हतं. पायरीवरून उठून कुठं तरी हात धुवावेत असं मला वाटत होतं. कुठं, ते कळत नव्हतं.

त्यांचा निरोप आहे. जसा सांगितला तसा लिहिते. "त्याला म्हणावं, माफी मागू नको, पत्र लिहू नको. ऐतवारी घरी ये. माझ्यासमोर बस. मी प्लेट काढून जेवीन, तू माझ्याच ताटात जेव. मोबाइल आणू नको. ताट संपंस्तोवर उठायचं नाय. मंग बघू."

जायचं की नाही ते तू ठरव.

संध्या


शनिवार, ७ मार्च

सुदर्शन,

तू गेलास हे मला मावशींकडून कळलं. परवा त्या आल्या होत्या, तारीख नव्हती, पण प्लेट टोचत होती म्हणून. मी स्वतःहून विचारलं नाही. प्लेट घासत होते आणि त्या खुर्चीत बसून आपणच बोलायला लागल्या. प्लेट माझ्या हातात असल्यानं त्यांचा आवाज गेंगाणा येत होता, पण त्या थांबायला तयार नव्हत्या.

तू तिथं होतास, पण त्यांच्या मनात काय चाललं होतं ते तुला ठाऊक नसेल म्हणून लिहिते.

"आला," त्या म्हणाल्या. "दारातच बसला पाहुण्यासारखा. मी म्हणलं, आत ये. एकच ताट वाढलं. भाकर, मुगाचं वरण, कांदा. प्लेट काढून वाटीत ठेवली, त्याच्यासमोर. मी खायला लागले. यायचं ते नाकातून आलं. मी पुसलं नाय, मुद्दाम. त्यानं दोन घास खाल्ले, तिसरा तोंडात धरला अन् उठून पळाला. गोठ्यामागं ओकायचा आवाज आला."

मी म्हणाले, "मग?"

"मंग काय. मला वाटलं गेला, आता एस.टी. धरील. मी खात राहिले. भूक लागली व्हती मला. वरण संपत आलं तवा हात धुऊन परत आला. तोंड पांढरंफटक. खाली बसला अन् ताटातली राहिलेली भाकर त्यानं खाल्ली. माझ्याकडं बघत. रडला नाय. रडला असता तर मी हाकलला असता."

"माफ केलंत का त्याला?"

"लगीच कशाला? पुढल्या महिन्यात बी बोलावलंय." आणि जरा थांबून म्हणाल्या, "जाताना विचारत व्हता, त्यो साचा परत आणून देऊ का. मी म्हणलं, आण. माझं तोंड हाये, माझ्या घरात राहील."

इथली खबर सांगते. कडूबाला मी खरं सांगितलं. मुखवटा त्यानं कात्रीनं कापला, मला न विचारता, लॅबमध्येच. तेव्हापासून तो ग्रुपवर काही टाकत नाही. बाकीच्यांचं चालू आहे. या शुक्रवारी कुठला सिनेमा लागला, त्यातलं रक्त किती पातळ आहे. काहींना कळलं, तरी म्हणाले, ते ठीक आहे, पण काम भारी होतं यार. मी ग्रुप सोडला. माझ्या ड्रॉवरमधले मेणाचे सगळे सुळे एका डब्यात भरलेत. अजून फेकवले नाहीत.

पण मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाहीये.

मावशी निघताना दारात थांबल्या. "सुदा येऊन गेला. तू कवा येती?"

"मी? मी तर तुम्हाला दर तीन महिन्यांनी भेटते, मावशी. किती जवळून बघते तुम्हाला."

"तू हातमोजे घालून भेटती."

मी हातातले मोजे ओढून काढले.

"चार साल झाले. दर खेपेला मी तुला भाकरी आणती, ठेचा आणती, खरवस आणला. तू म्हणती, ठेवा मावशी, नंतर खाते. मंग मी गेल्यावर ते कोण खातं?"

सुदर्शन, ते भिकन खातो. पहिल्या खेपेपासून. मी डबा उघडलासुद्धा नाही कधी. त्या भाकरी थापतात त्याच हातानं प्लेट काढतात, हे माझ्या डोक्यातून जात नाही. मी त्या भोकात बोट घातलंय, त्याचं माप मिलिमीटरमध्ये सांगू शकते, पण त्यांच्या हातची भाकरी मला चालत नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रिकामा डबा परत देताना मी न चुकता म्हणायचे, छान होतं हं मावशी. आणि त्या न चुकता विचारायच्या, तिखट तर नाय झालं?

तुझ्यावर दोन महिने मी इतकं लिहिलं. तुझी किळस, तुझी किळस. तू निदान दाराआड उभा होतास. मी तोंडासमोर उभी राहून हसत होते.

"ह्या ऐतवारी ये," त्या म्हणाल्या. "एकलीच ये. डबा-बिबा आणू नको."

म्हणजे उद्या.

हो म्हणाले मी. मघाशी आईनं साधी भाकरी वाढली तर मला तिच्या हातांकडं बघवेना. मी नाही गेले तर त्या काही म्हणणार नाहीत. पुढच्या तारखेला डबा घेऊन येतील, मी ठेवा म्हणेन, आणि त्या ठेवतील. ते मला सहन होणार नाही. पण गेले आणि तिसऱ्या घासाला पळाले तर मी परत आत जाईन, याची मला खात्री नाही. मी सरळ फाट्यावर जाईन, मिळेल त्या गाडीत बसेन आणि सिल्लोडच्या पुढं आल्यावर रडेन. मला मी माहीत आहे.

पत्र टपालानं उद्यापर्यंत पोचणार नाही. म्हणून तुझा नंबर अनब्लॉक केलाय आणि या कागदांचे फोटो पाठवतेय. गोड काही बोलू नको. तू कसा आहेस तेही मला आत्ता नको. एकच सांग.

गोठ्यामागून परत घराच्या दारापर्यंत आलास, तेव्हा उंबरा ओलांडायला पाय कसा उचललास?

एस.टी. सकाळी सातची आहे.

संध्या